त्रेस इगेरासचं फिकं आकाश

५ एप्रिल

सीझन सुरू. यंदा रोज ताऱ्यांचा टूर, रोज रोजनिशी आणि बायकोशी, एदेल्मिराशी, वाद नाही. तिन्ही पाळणार.

या वर्षीच्या डायरीच्या रेघा फारच फिक्या छापल्यात. दोनदा ओळीवर ओळ लिहिली गेली. कंपन्या शाईचीही काटकसर करतात. आता मोठ्या अक्षरात लिहीन. विचार मोठे असले की अक्षरही मोठंच हवं.

रात्री पहिला ग्रुप. ब्राझीलचं एक जोडपं आणि सान्तियागोच्या दोन मैत्रिणी. अंगणात खुर्च्या, प्रत्येकाला घोंगडी, एदेल्मिराचा चहा, मधोमध माझा टेलिस्कोप. आयुष्यभर इथे त्रेस इगेरासच्या शाळेत भूगोल शिकवला. आकाश म्हणजे वरचा भूगोल, दुसरं काय.

मॅगेलनचे ढग, म्हणजे दक्षिणेच्या आकाशातल्या त्या दोन दीर्घिका, दिसले नाहीत. पाहुण्यांना सांगितलं की काही वर्षी ते दिसतात, काही वर्षी नाही. सान्तियागोची एक म्हणाली, मग डोंगराच्या वर ते दोन पांढरे पुंजके कसले? मी म्हटलं, धूळ. तिने बराच वेळ त्या धुळीचे फोटो काढले.

९ एप्रिल

यंदा सगळं आकाशच फिकं आहे. कारण सापडलं. वरच्या खाणीचे ट्रक. एदेल्मिराला सांगितलं तर म्हणे, खाण बंद होऊन दोन वर्षं झाली. धूळ खाली बसायला वेळ लागतो हे तिला कोण समजावणार.

तिने पुन्हा डोळे दाखवण्याचा विषय काढला. आम्हा सेपेदांचे डोळे दाखवायचे! माझे वडील म्हातारपणी समोरच्या कड्यावरची शेळी घरात बसून ओळखायचे. शेळी कधी कधी दुसऱ्याची निघायची, पण अंतरही फार होतं.

वाद घातला नाही. फक्त उठून बाहेर गेलो. दार जोरात लागलं ते वाऱ्याने.

१७ एप्रिल

खाण नाही. दिवा!

साकवाजवळ नगरपालिकेने नवा पांढरा दिवा लावलाय. आज संध्याकाळी नीट पाहिला. त्याच्याभोवती हे एवढं मोठं कडं, ओविदियोच्या दुकानाहून मोठं, कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग. आणि त्यातून सुया निघतात, थेट डोळ्यांत. असा दिवा गावात असताना तारे दिसतील कसे?

ओविदियोला विचारलं, हे कडं तुला खुपत नाही का? तो पाव मोजत होता. म्हणाला, कसलं कडं?

सवय झाली की माणसाला अन्याय दिसेनासा होतो.

ठरलं. हा दिवा घालवणार. गावाला त्याचं आकाश परत मिळवून देणार. एदेल्मिराला सांगितलं. ती म्हणाली, रात्री मी रोसाल्बाकडून येते तेव्हा त्याच दिव्यात साकव ओलांडते. रोसाल्बाच्या आईला संध्याकाळी जेवू घालून झोपवायचं काम एदेल्मिरा करते. घरी यायला नऊ वाजतात. मी म्हटलं, आपल्या आज्या काय दिवे घेऊन फिरायच्या? ती म्हणाली, माझी आजी त्याच साकवाखालच्या पाटात पडली होती.

मुद्दा भरकटवायची तिची जुनी सवय.

३ मे

आजचा ग्रुप अडाणी. मोबाइलवाले. मी लेझरने दक्षिणेचा क्रूस दाखवत होतो, त्याच्यावरून दिशा कशी काढायची, जुने खलाशी काय करायचे, सगळं रंगात आलेलं. एवढ्यात एक दाढीवाला फोन वर धरून म्हणाला, सर, हा खोटा क्रूस आहे, खरा तिकडे डावीकडे, केवढा ठळक आहे बघा.

खऱ्यासारखाच दिसणारा खोटा क्रूस असतो हे मी त्याच्या जन्माआधीपासून शिकवतोय. म्हणून तर मुद्दाम तो आधी दाखवत होतो. तसं सांगितलं. लोक हसले, पण प्रेमाने.

चूक त्या दिव्याची. डावीकडचं सगळं तो खाऊन टाकतो.

एदेल्मिराने चहाचे कप गोळा केले. नंतर म्हणाली, ते लोक बाहेर जाऊनही हसत होते. चहा चांगला झाला होता, म्हणून असेल.

१५ मे

मोठी बातमी!

आल्फा सेंटॉरी हा जोडतारा आहे. तो टेलिस्कोपशिवाय दोन दिसत नाही, असं पुस्तकं सांगतात. आज मला तो नुसत्या डोळ्यांनी दोन दिसला. स्वच्छ दोन, शेजारी शेजारी. डावा डोळा झाकला तर जास्तच स्वच्छ. सेपेदांचे डोळे!

मग अगस्त्य पाहिला. तोही दोन. अगस्त्य जोडतारा असल्याचं कुठे वाचलं नव्हतं. म्हणजे हा शोधच.

कोन्स्तान्साला फोन केला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, अजून शाळेतल्यासारखं मला प्रोफे, म्हणजे सर, म्हणते. आता वरच्या टेकडीवर तिचा मोठा टूर चालतो, दोन बसगाड्या भरून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, प्रोफे, चंद्रसुद्धा दोन दिसतो का? मी म्हटलं, चंद्राला कडा जरा जास्त आहेत. ती म्हणाली, मी तुम्हाला विकुन्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाऊ का, माझी गाडी आहे.

धंद्यातली स्पर्धा माणसाला कुठल्या थराला नेते. आणि ही मुलगी पाचवीत असताना माझ्याकडून खडूचे तुकडे मागून न्यायची.

८ जून

आज मोहल्ला समितीची सभा. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. या दरीत बाप मुलाला जमिनीआधी आकाश दाखवायचा, दिवा म्हणजे माणसाची भीती, भिणाऱ्या गावाला तारे दिसत नाहीत. अर्धं गाव माझ्याकडे शिकलंय. मी उठून उभा राहिलो तरी त्यांना अजून वाटतं मी नकाशा विचारणार.

रोसाल्बा अध्यक्ष. ती विरोधात. बायका शेवटच्या बसमधून उतरतात, त्या साकवावरून येतात, तिथे कठडा फक्त एका बाजूला आहे, वगैरे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आणि प्रोफे, तुमची स्वतःची बायको रोज तिथून येते.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, एदेल्मिराला आणायला मी रोज जाईन. टॉर्च घेऊन. रोज.

टाळ्या.

हात वर करायला सांगितले. आठ वाजल्यानंतर दिवा बंद ठेवायचा, हा ठराव पास. एदेल्मिराचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. पण गेला. रोसाल्बा तिच्याकडे बघत राहिली.

९ जून

दिवा बंद. विजय!

अंगणात खुर्ची टाकून मधोमध बसलो. आकाश काल होतं तसंच. धूळ अजून बसली नसेल. शिवाय इतक्या वर्षांचा उजेड हवेत मुरलेला असतो, एका रात्रीत कसा जाईल.

एदेल्मिराला आणायला गेलो होतो. तिनेच माझा हात धरला. बरं वाटलं, लग्नानंतरचे दिवस आठवले. साकवावर ती पुढे झाली आणि म्हणाली, इथे पाय उचल, म्हाताऱ्या. मी तिला आणायला गेलो होतो की ती मला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. अंधारात बघणारं कोणी नव्हतं, हा त्या ठरावाचा फायदा.

१९ जून

आज गेलो नाही. थंडी फार होती आणि खोकला होता. उद्यापासून नियम कडक.

२३ जून

ग्रुप लवकर आला. एदेल्मिरा म्हणाली, येते मी माझी, रस्ता पाठ आहे. ती स्वतःच म्हणाली, हे नोंदवून ठेवतो.

३० जून

गेलो नाही. टॉर्च सापडली नाही. एदेल्मिराने आल्यावर दाखवली, टेबलावर होती. टेबल टेलिस्कोपच्या सामानाने भरलंय, आवरायला हवं. जुलैपासून आवरणार.

तिच्या बुटांना चिखल होता. विचारलं नाही. वाद नको.

७ जुलै

टूरला कोणी आलं नाही. कालही नाही. इंटरनेटवर कोणीतरी माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय, असं ओविदियो म्हणाला. वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं, मत्सर वाचायला मला वेळ नाही.

त्यानेच विचारलं, एदेल्मिरा रात्री एकटी येते हल्ली? मी म्हटलं, तिला एकटं चालायला आवडतं.

११ जुलै, पहाटे

झोप येत नाही म्हणून लिहितो. घरी एकटाच आहे.

काल बऱ्याच दिवसांनी दोन पाहुणे आले होते. वृश्चिक डोक्यावर, ज्येष्ठा लाल. मी बोलत होतो. ते लवकर उठले, थंडी वाजते म्हणाले. नऊ वाजून गेले तरी एदेल्मिरा आली नव्हती. टॉर्च घेऊन निघालो. या वेळी ती माझ्या खिशातच होती.

साकवापाशी हाक मारली. तिचा आवाज आला. हळू होता पण आला. "म्हाताऱ्या, इकडे."

मी साकव ओलांडला. पलीकडे कोणी नाही. पुन्हा हाक मारली. आवाज आता मागून आला. दरीत आवाज फिरतो, भूगोल शिकवलेला माणूस म्हणून सांगतो. परत फिरलो. टॉर्च पाटात मारली. पाण्याच्या कडेला एक पांढरं पोतं अडकलेलं होतं. द्राक्षवाले पोती टाकतात. पुढे गेलो. वरच्या बाजूला शोधलं, मग खालच्या. हाका मारत होतो. तिचा आवाज आला नाही, पाण्याचाच यायला लागला.

ओविदियो दुकान बंद करून मोटरसायकलवरून आला. त्याने गाडीचा दिवा पाटावर टाकला आणि तसाच खाली उतरला, गाडी चालू ठेवून, बुटांसकट. पोतं उचललं. ते एदेल्मिराचं कामाचं पांढरं अॅप्रन होतं. त्यात एदेल्मिरा होती.

हात विचित्र वळलेला. ओठ निळे. जिवंत. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती.

अँब्युलन्सची वाट बघताना ओविदियो माझ्याजवळ आला. मी त्याला पहिल्यांदाच असा आवाज खाली आणून बोलताना ऐकलं. "प्रोफे, मी वळणावरून बघत होतो. तुम्ही टॉर्च तिच्यावरच धरली होती."

टॉर्चची बॅटरी कमी झाली होती. उद्या बदलायला हवी.

११ जुलै, संध्याकाळ

दवाखान्यात गेलो. ओविदियोने सोडलं. फुलं नेली होती. वॉर्डात खाटा ओळीने, सगळ्या बायका सारख्याच पांढऱ्या गाउनमध्ये, सगळ्यांच्या हातापायाला काही ना काही. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत.

बसलो. तिचा हात हातात घेतला. बरंच बोललो. रोसाल्बाला मी खडसावेन म्हणालो. मग म्हणालो, उद्यापासून मी रोज, अगदी रोज. मग आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिने हात दाबला. थंड होता. मला रडू आलं. औषधांच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून एदेल्मिराचा आवाज आला. "म्हाताऱ्या, मी इकडे आहे."

ज्या बाईचा हात धरला होता ती ओव्हाल्ये गावची कोणी तरी आजी होती. म्हणाली, असू दे, माझ्याकडे कोणीच आलं नव्हतं.

फुलं तिच्याकडेच राहिली. परत मागणं बरं दिसलं नसतं.

एदेल्मिरा भिंतीकडे तोंड करून होती. हसतेय असं मला वाटलं. खांदे हलत होते. जवळ गेलो तेव्हा कळलं, हसत नव्हती.

१३ जुलै

यास्ना आली, ला सेरेनाहून. आमची मुलगी. सुपरमार्केटमध्ये सुपरवायझर आहे, घरातही तशीच वागते. आल्याबरोबर फ्रिज उघडला, मग माझी डायरी बघितली (अक्षरं, मजकूर नव्हे), मग माझ्यासमोर बसली.

मला वाटलं ओरडेल. तयारी केली होती. तिने नुसतं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, चष्मा नाहीये. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही चष्मा लावतच नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर नाहीये.

तिने ते खाली ठेवलं. म्हणाली, किती दिवस झाले? मी म्हटलं, खाणीची धूळ... ती उठून अंगणात गेली. माझा टेलिस्कोप कापडाने झाकला. आभाळ स्वच्छ होतं, झाकायचं काही कारण नव्हतं.

२४ जुलै

केवळ यास्नाला बरं वाटावं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा डॉक्टर. मशीनवर हनुवटी ठेवायला लावली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणाला, उजवा तर पिकलाय. दिव्यांभोवती कडी दिसतात का? एका वस्तूच्या दोन दिसतात का? आणि सगळं फिकट, पिवळट?

मी म्हटलं, काही जोडतारे दिसतात.

तो म्हणाला, तारे अजून दिसतात म्हणजे नशीबवान आहात. मग विचारलं, गाडी चालवता का? मी नाही म्हटलं. यास्नाने माझ्याकडे बघितलं. फेब्रुवारीपर्यंत चालवत होतो, पण तो विचारत होता आत्ताचं.

ऑपरेशन छोटंसं आहे म्हणे. पण रांग मोठी. नाव लावलं.

बाहेर आल्यावर यास्नाला म्हटलं, आईला एवढ्यात सांगू नकोस, काळजी करेल. यास्ना म्हणाली, "आईला ठाऊक आहे, पप्पा. दोन वर्षं ती तुमच्या ताटातले माशाचे काटे काढून ठेवतेय."

मला वाटायचं, हल्ली मासे चांगले मिळतात.

६ ऑगस्ट

समितीच्या सभेला मुद्दाम गेलो. मोठ्या मनाने प्रस्ताव मांडायचं ठरवलं होतं: दिवा पुन्हा लावा, मी माझा आग्रह मागे घेतो. उभा राहिलो. बोललो. आज आवाज लागत नव्हता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोसाल्बा म्हणाली, प्रोफे, दिवा लागून दोन आठवडे झाले. कोन्स्तान्साने सांगून वरून झाकणाचा, पिवळा, खाली बघणारा बसवून घेतलाय. तारेही दिसतात आणि पायही. आणि साकवाच्या दुसऱ्या बाजूला कठडा.

म्हणजे मी येताना त्याच दिव्याखालून आलो होतो.

असा दिवा असतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मीही तोच सुचवला असता. खरं तर मनात साधारण तसंच काहीतरी होतं.

सभा संपल्यावर सगळे निघून गेले. रोसाल्बाने मला घरापर्यंत सोडलं. वाटेत ती म्हणाली, एदेल्मिराने त्या दिवशी हात वर केला ना, तो तुमच्यासाठी नव्हता. मी विचारलं, मग? म्हणाली, सगळ्या गावासमोर तुम्ही हरू नये म्हणून होता.

दोन्हींत फरक काय, हे विचारायचं राहिलं.

२१ ऑगस्ट

एदेल्मिरा घरी येऊन आता बरेच दिवस झाले. हाताचं प्लास्टर आज निघालं. मनगट जरा तिरकं जुळलंय. डॉक्टर म्हणतो, वयामुळे. तिला कढई उचलवत नाही, म्हणून स्वयंपाक मी करतो. आज राजम्यात मीठ दोनदा पडलं. तिने खाल्लं. मीही खाल्लं. ओविदियोने दिलेलं शेळीचं चीज होतं म्हणून जेवण झालं.

रोसाल्बाच्या आईकडे आता दुसरी बाई जाते.

कोन्स्तान्सा आली होती. तिने फार अदबीने विचारलं, तुमचं अंगण शनिवारी वापरू का, वर गर्दी होते. टेलिस्कोप तिचा, बोलणंही ती करेल. मी खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगायच्या. लोकांना त्या आवडतात म्हणे. मी म्हटलं, विचार करून कळवतो. एदेल्मिरा आतून म्हणाली, हो म्हणाला आहे तो.

सल्लागार म्हणून काम स्वीकारलं.

१२ सप्टेंबर

ऑपरेशनची तारीख आली. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमधली. चांगलंच झालं. मध्ये एक पूर्ण सीझन आहे, त्यात मला वेळच मिळाला नसता.

रात्री अंगणात गेलो. आज टूर नव्हता. मान वर केली. राखेसारखं काहीतरी होतं, सगळीकडे सारखंच. धूळ असेल, ढग असेल, काही असेल. बराच वेळ उभा राहिलो. मान दुखायला लागली.

एदेल्मिरा बाहेर आली, तिरकं मनगट शालीत गुंडाळून. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने कधी वर बघितलेलं मला आठवत नाही. तिचं लक्ष कायम कपांकडे. मी म्हटलं, रोजनिशीत आजची नोंद करायची आहे. आकाश कसं आहे?

ती वर बघत राहिली.

मग म्हणाली, "भरपूर आहेत, म्हाताऱ्या. इतके असतात हे मला माहीत नव्हतं."

मी विचारलं, कुठले कुठले? तिला नावं येत नाहीत. म्हणाली, एक मोठा आहे, एक त्याच्या खाली आहे, आणि मधे दुधासारखं सांडलंय.

यावरून काहीच कळत नाही. तसंच लिहून घेतलं.